मजुरी नेमकी कशाने पडते? अमेरिकेतील विनापरवाना मजूर आणि तिथले कामगार

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे एक विमान अमृतसरला उतरले. त्यात अमेरिकेने परत पाठवलेले १०४ भारतीय होते : ३३ हरियाणाचे, ३३ गुजरातचे, ३० पंजाबचे, बाकीच्यांत ३ महाराष्ट्राचेही. आपल्याकडची चर्चा साहजिकच त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांभोवती आणि लाखो रुपये उकळणाऱ्या दलालांभोवती फिरत राहिली. अमेरिकेत अशा कारवाईच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद सर्वाधिक ऐकू येतो, त्याच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. हे लोक आमच्या कामगारांच्या नोकऱ्या घेतात आणि त्यांची मजुरी पाडतात, असा तो युक्तिवाद आहे. अर्थशास्त्रज्ञ या एका वाक्यावर चाळीस वर्षे भांडत आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे ते वाक्य काही माणसांच्या बाबतीत खरे आहे, बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही, आणि जिथे खरे आहे तिथे त्याचे मुख्य कारण माणसांची संख्या हे नसून त्यांची तक्रार करण्याची असमर्थता हे आहे. ते कसे, हे पायरीपायरीने पाहू.

## ‘विनापरवाना’ म्हणजे कोण?

सीमेवरचे कुंपण चुकवून वाळवंटातून चालत आलेला माणूस हे चित्र अपुरे आहे. पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून रीतसर विमानाने उतरलेले, पण व्हिसाची मुदत संपल्यावर परत न गेलेले लोकही या गटात मोठ्या संख्येने आहेत. त्याखेरीज आश्रयाचा अर्ज न्यायालयात पडून असलेले किंवा तात्पुरते संरक्षण मिळालेले असे मधल्या अवस्थेतलेही लाखो आहेत, ज्यांच्याकडे आज काम करण्याची परवानगी असते आणि उद्या एखाद्या आदेशाने ती जाऊ शकते. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या अंदाजानुसार हे सर्व धरून २०२३ मध्ये अशा लोकांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. १९९० मध्ये ती ३५ लाखांच्या आसपास होती.

देशाच्या एकूण कामकरी लोकांत त्यांचा वाटा पाच-सहा टक्क्यांचा असला, तरी तो सर्व व्यवसायांत सारखा पसरलेला नाही. पिकांच्या शेतीतील मजुरांपैकी सुमारे ४० टक्के विनापरवाना आहेत. बांधकाम, मांसप्रक्रिया कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरे, बागकाम, घरकाम आणि वृद्धांची शुश्रूषा हे त्यांचे इतर मोठे आधार आहेत. बँकेतल्या कारकुनाला किंवा शाळेतल्या शिक्षिकेला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागत नाही. त्यामुळे ‘अमेरिकी कामगारांवर परिणाम’ असे सरसकट विचारण्यापेक्षा कोणत्या कामगारावर, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

## साधे गणित आणि त्यातली गफलत

आपल्याकडच्या कुठल्याही वाढत्या शहरात सकाळी मजूर अड्डा भरतो. समजा, तिथे रोज शंभर बिगारी उभे राहतात आणि एके दिवशी दीडशे उभे राहिले, तर ठेकेदार त्या सकाळी भाव पाडणार, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. मागणी तेवढीच राहिली आणि पुरवठा वाढला, की किंमत उतरते. मजुरी पाडल्याचा युक्तिवाद याच चित्रावर उभा आहे, आणि त्या एका सकाळपुरते ते चित्र बरोबरही आहे.

पण नव्याने आलेले पन्नास जण संध्याकाळी जेवतात. ते खोली भाड्याने घेतात, केस कापतात, मोबाइलचे रिचार्ज मारतात, त्यांची मुले शाळेत जातात. म्हणजे ते श्रम घेऊन येतात तसे खर्चही घेऊन येतात आणि त्या खर्चातून दुसऱ्या कोणाला तरी काम मिळते. देशात कामाचा साठा ताटातल्या भाकऱ्यांसारखा मोजून ठेवलेला आहे आणि एकाने खाल्ली की दुसऱ्याला कमी पडणार, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. बायका मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या तेव्हा पुरुषांच्या नोकऱ्या तेवढ्याच संख्येने गेल्या नाहीत, हा याचा आपल्या सर्वांच्या पाहण्यातला पुरावा.

दुसरी गोष्ट गवंडी आणि बिगारी यांच्या नात्याची आहे. अड्ड्यावर बिगारी वाढले तर आधीच्या बिगाऱ्याचा भाव पडेल, पण गवंड्याचा पडणार नाही. उलट हाताखाली माणूस स्वस्त मिळाल्याने बांधकामे वाढतील आणि त्याला चार कामे अधिक मिळतील. अर्थशास्त्रात पहिल्या नात्याला ‘पर्यायी’ आणि दुसऱ्याला ‘पूरक’ कामगार म्हणतात. लेखाच्या उरलेल्या भागात हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी चालेल.

अमेरिकेत कोण पर्यायी आणि कोण पूरक, हे बऱ्याच प्रमाणात भाषा ठरवते. जिओव्हानी पेरी आणि चॅड स्पार्बर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवले, की जिथे कमी शिकलेले स्थलांतरित वाढले तिथे तेवढेच शिकलेले स्थानिक कामगार अंगमेहनतीच्या कामांकडून बोलण्याच्या कामांकडे सरकले. ते मुकादम झाले, दुकानाच्या गल्ल्यावर बसले, ग्राहकांशी व्यवहार करू लागले. इंग्रजी येणे हेच त्यांचे भांडवल ठरले. पण हे सरकणे सर्वांना जमत नाही. पन्नाशीतला, दहावी-बारावी पूर्ण न केलेला, आयुष्यभर छपरे शाकारलेला माणूस एकाएकी कुठे सरकणार?

## मायामीतला प्रसंग आणि त्यावरचे भांडण

सगळ्यात गाजलेला पुरावा १९८० चा आहे. त्या एप्रिलमध्ये क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रो यांनी मारिएल बंदर उघडे केले आणि ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे, असे जाहीर केले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्यूबन होड्यांतून फ्लोरिडात पोचले आणि त्यांतले निम्मे मायामीतच राहिले. शहरातले कामकरी मनुष्यबळ काही महिन्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. (या लोकांना नंतर खास दर्जा देण्यात आला, त्यामुळे ते काटेकोर अर्थाने विनापरवाना नव्हते, पण अचानक आलेल्या, कमी शिकलेल्या मजुरांच्या लोंढ्याचा परिणाम मोजायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.)

डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पा या शहरांशी केली. कमी कौशल्याच्या कामगारांची मजुरी किंवा बेकारी यांवर जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कामगार अर्थशास्त्रातील अशा स्वरूपाच्या संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

हार्वर्डचे जॉर्ज बोर्हास यांना ते पटले नाही. ते स्वतः हवानात जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले, हा या वादातला एक गमतीचा तपशील आहे. त्यांनी आकडे पुन्हा चाळले आणि शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या, बिगर-हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मूळ नसलेल्या) पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरल्याचे दाखवले. ही घसरण मोठी आहे आणि ती नेमकी त्याच माणसांची आहे, ज्यांची काळजी करायला हवी.

मग उलटतपासणी झाली. बोर्हास यांनी निवडलेल्या गटात मायामीतले दरवर्षी जेमतेम वीसेक लोक नमुन्यात येत होते. शिवाय मायकल क्लेमन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवून दिले, की नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकी जनगणना खात्याने आजवर पाहणीतून सुटत असलेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना अधिक चांगल्या प्रकारे मोजायला सुरुवात केली होती. वर्गात आजवर परीक्षेला न बसणारी दहा मुले एका वर्षी बसवली, तर वर्गाची सरासरी खाली येते. म्हणून आधीच्या मुलांचे गुण कमी झाले असे होत नाही. बोर्हास यांना हे मान्य नाही आणि वाद आजही पुरता मिटलेला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून जो अहवाल काढला, तो मला यातला सर्वांत समतोल वाटतो. दहा किंवा अधिक वर्षांचा काळ धरला तर एकूण मजुरीवर स्थलांतराचा परिणाम अत्यल्प आहे, असे त्यात म्हटले आहे. जिथे तोटा आढळतो तिथे तो आधी आलेल्या स्थलांतरितांना सर्वाधिक बसतो आणि त्यांच्यानंतर शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांना. म्हणजे कालच्या बिगाऱ्याशी आजच्या बिगाऱ्याची स्पर्धा. ग्वातेमालाहून आज आलेल्या मजुराचा खरा प्रतिस्पर्धी दहा वर्षांपूर्वी ग्वातेमालाहून आलेला मजूर असतो.

## मजूर काढून टाकले तर मजुरी वाढते का?

येणाऱ्यांमुळे मजुरी पडत असेल, तर ते गेल्यावर ती वाढायला हवी. हा प्रयोगही अमेरिकेने करून पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धात शेतावर माणसे कमी पडू लागली, म्हणून १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून हंगामी मजूर आणले जाऊ लागले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू, त्यावरून हातांनी काम करणारा. बावीस वर्षांत ४५ लाखांहून अधिक करारपत्रे झाली. हे लोक कायदेशीर होते, पण एका मालकाशी बांधलेले होते. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून १० टक्के रक्कम बचतीच्या नावाने कापली गेली आणि अनेकांना ती कधीच मिळाली नाही.

१९६४ च्या अखेरीस ही योजना बंद झाली. ब्रासेरो गेले की स्थानिक शेतमजुरांचे दर वाढतील, हेच बंद करण्याचे जाहीर कारण होते. क्लेमन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल यांनी २०१८ मध्ये त्या काळातील राज्याराज्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जिथे ब्रासेरो भरपूर होते त्या राज्यांतली मजुरी जिथे ते नव्हतेच त्या राज्यांपेक्षा वेगाने वाढल्याचे दिसले नाही.

मग माणसांची जागा कोणी भरली? टोमॅटोकडे पाहावे. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राच्या माराने न फुटणारा, एकाच वेळी पिकणारा टोमॅटो पैदा केला होता आणि कोबी लॉरेन्झन यांनी तो तोडणारे यंत्र. ही जोडी आधीपासून तयार होती, पण स्वस्त मजूर असताना तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते. १९६४ पर्यंत प्रक्रियेच्या टोमॅटोचा अगदी थोडा भाग यंत्राने निघत होता. १९६० चे दशक संपता संपता कॅलिफोर्नियातला जवळजवळ सगळा यंत्राने निघू लागला. ज्या पिकांसाठी यंत्र नव्हते, त्यांतली काही शेतकऱ्यांनी कमी केली.

आपल्याकडच्या वाचकाला हे नवे वाटू नये. ऊसतोडणीच्या टोळ्या कमी पडू लागल्या, मुकादमाला दिलेली उचल बुडू लागली, तेव्हा कारखान्यांच्या गटात तोडणी यंत्रे दिसू लागली. कोयत्याचा दर वाढवायचा की यंत्र आणायचे, हा हिशेब सांगलीत आणि सॅक्रामेंटोत एकाच पद्धतीने मांडला जातो. मजूर दुर्मिळ झाला की मालकापुढे दर वाढवण्याखेरीजही वाटा असतात : यंत्र आणणे, पीक बदलणे, किंवा धंदा आवरता घेऊन माल परदेशातून येऊ देणे.

## भीतीची किंमत

इथे मी मूळ मुद्द्याकडे येतो. अड्ड्यावरच्या दीडशे बिगाऱ्यांपैकी पन्नास असे असतील, की ज्यांची मजुरी बुडवली तरी ते पोलिसात जाऊ शकत नाहीत, तर ठेकेदार कोणाला आधी बोलावेल? त्यांना कमी पैसे द्यावे लागतात इतकेच त्याचे गणित नसते. त्यांना जादा तासांचे पैसे द्यावे लागत नाहीत, शिडीवरून पडले तर भरपाई मागणार नाहीत, संघटना काढणार नाहीत. उरलेल्या शंभरांना मग दोनच गोष्टी करता येतात. त्याच अटींवर उभे राहायचे किंवा घरी जायचे.

अमेरिकी कायदा हे जाणतो आणि तरी त्याची रचना विचित्र आहे. किमान वेतनाचा १९३८ चा कायदा मजुराकडे कागदपत्रे आहेत की नाहीत हे पाहत नाही. केलेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात. पण २००२ मध्ये एका प्लास्टिक कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला, की संघटना उभारल्याबद्दल बेकायदा रीतीने काढून टाकलेला कामगार विनापरवाना असेल, तर त्याला बुडालेल्या पगाराची भरपाई मिळणार नाही. गुन्हा मालकाचा, पण वसुली काहीच नाही. अशा निकालाचा परिणाम त्या एका कामगारापुरता राहत नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, रीतसर नागरिक असलेल्या कामगाराची संघटनाही त्याने खिळखिळी होते, कारण तिच्यातले निम्मे लोक मालक केव्हाही निर्धास्तपणे काढू शकतो.

२००८ मध्ये न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो इथल्या कमी पगाराच्या चार हजारांहून अधिक कामगारांची एक मोठी पाहणी झाली. त्यांतल्या २६ टक्क्यांना आदल्या आठवड्यात किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाले होते आणि परदेशात जन्मलेल्यांत हे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. अमेरिकेत जन्मलेल्यांचे प्रमाणही शून्य नव्हते, हेही इथे नोंदवायला हवे. एकाच्या गप्प बसण्याची किंमत दुसरा मोजतो ती अशी.

एरवी हा दोष मजुराच्या माथी मारला जातो. कायद्याचा इतिहास वेगळे सांगतो. १९५२ च्या कायद्याने विनापरवाना माणसाला आसरा देणे हा गंभीर गुन्हा ठरवला, पण त्याला नोकरीवर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, असे कलमही त्यातच घातले. टेक्ससच्या बड्या शेतमालकांच्या सोयीचे असल्याने ते ‘टेक्सस प्रोव्हायजो’ म्हणून ओळखले जाते. घरात लपवले तर तुरुंग आणि शेतात राबवले तर काही नाही, अशी ती व्यवस्था १९८६ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, चालली. त्या वर्षी रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने ‘जाणूनबुजून’ विनापरवाना माणूस ठेवणे बेकायदा ठरले. या ‘जाणूनबुजून’ शब्दाने पळवाट उघडली. मालक कागद पाहतो, ते खरे वाटले म्हणतो, किंवा स्वतः माणसे न ठेवता ठेकेदाराकडून घेतो. ठेकेदार पकडला गेला तर दुसऱ्या नावाने उभा राहतो. शेती, बांधकाम आणि कार्यालयांची साफसफाई या क्षेत्रांत पुढे ठेकेदारी वाढली, त्यात या कलमाचाही वाटा आहे.

## पण कत्तलखान्यांतील मजुरी तर पडलीच ना?

हा आक्षेप वजनदार आहे. मांसप्रक्रिया कारखान्यांतील कामाला १९७० च्या दशकात अमेरिकेतील इतर कारखान्यांच्या सरासरीपेक्षा अधिक पगार मिळे. गोरे आणि कृष्णवर्णीय कामगार त्या पगारावर घर बांधत, मुलांना कॉलेजात पाठवत. आज ते काम सरासरीच्या बरेच खाली गेले आहे आणि तिथल्या कामाच्या रांगांत मेक्सिको, ग्वातेमाला, सोमालिया, म्यानमार इथली माणसे उभी दिसतात. मे २००८ मध्ये आयोवातील पोस्टव्हिल नावाच्या छोट्या गावातल्या एका कारखान्यावर छापा पडला तेव्हा ३८९ जणांना अटक झाली. गावाची एकूण वस्ती दोन-अडीच हजारांची.

तरी आधी काय झाले आणि नंतर काय, हा क्रम पाहिला पाहिजे. नव्या कंपन्यांनी खाटकाचे कसबी काम तुकड्यांत मोडले, जेणेकरून प्रत्येक माणसाने दिवसभर एकच काप मारावा. शहरांतले, संघटना असलेले जुने कारखाने १९८० च्या दशकात बंद करून खेड्यांत नवे काढले गेले आणि तिथे संघटनांना पाय रोवू दिले नाहीत. पगार त्या काळातच कोसळले. स्थानिक माणसे त्या पगारावर टिकेनात, तेव्हा बाहेरून माणसे आणण्यात आली. बाहेरची माणसे आल्यावर पगार पुन्हा वर चढण्याची शक्यता मावळली, हेही खरे. पण घसरण त्यांच्यापासून सुरू झाली, असे म्हणता येत नाही.

शेतमजूर आणि घरकामगार यांचीही अशीच जुनी कथा आहे. कामगारांना संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या कायद्यातून हे दोन गट वगळले गेले, आणि किमान वेतनाच्या कायद्यात शेतमजुरांना १९६६ मध्ये, तर घरकामगारांना १९७४ मध्ये जागा मिळाली. ती कामे तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात प्रामुख्याने कृष्णवर्णीय करत. आज तिथे विनापरवाना लोक अधिक आहेत याचे एक कारण हेच, की त्या कामांना आधीपासूनच कायद्याचे छप्पर नव्हते.

## मजुरी वाढवा, अमेरिकन माणूस येईल!

‘अमेरिकन लोक करत नाहीत ती कामे’ हा वाक्प्रचार मलाही आवडत नाही. पुरेसे पैसे दिले तर माणूस कुठलेही काम करतो. गटारात उतरणारा पाणबुड्या असतो आणि तेलविहिरीवरचा कामगारही असतो. प्रश्न असा, की तेवढे पैसे दिल्यावर तो माल कोण विकत घेईल?

जॉर्जिया राज्याने २०११ मध्ये विनापरवाना लोकांविरुद्ध कडक कायदा केला आणि मजूर राज्य सोडून गेले. राज्याच्याच कृषी खात्याच्या पाहणीत शेतांवर सुमारे ११ हजार जागा रिकाम्या आढळल्या. राज्यपाल नेथन डील यांनी प्रोबेशनवर (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) असलेल्या गुन्हेगारांना काकडी तोडायला पाठवण्याची कल्पना काढली. त्यांतले बरेच जण दुपारपर्यंत निघून गेले. शेतकऱ्यांनी दर का वाढवले नाहीत, याचे उत्तर मेक्सिकोतून येणाऱ्या काकडीच्या भावात आहे. आयात करता येणाऱ्या वस्तूच्या मजुरीला वर छत असते.

आयात करता न येणाऱ्या कामांचे गणित मात्र निराळे आहे. शिकागोतल्या घराचे छप्पर मेक्सिकोत घालून आणता येत नाही, की आजीला अंघोळ घालण्याचे काम बाहेर पाठवता येत नाही. अशा कामांत मजूर कमी झाले तर दर वाढण्याला खरोखर वाव आहे, आणि मजुरी पाडल्याच्या युक्तिवादातला सर्वांत सच्चा भाग मला इथेच दिसतो. पण त्याचा भार उचलणाराही कामगारच असू शकतो. पॅट्रिशिया कोर्टेस यांच्या संशोधनानुसार कमी शिकलेल्या स्थलांतरितांमुळे घरकाम, बागकाम, कपडे धुणे यांसारख्या सेवा स्वस्त झाल्या, आणि उच्चशिक्षित स्त्रिया अधिक तास नोकरी करू लागल्या. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखपदासाठी निवडलेल्या झोई बेर्ड यांना माघार घ्यावी लागली, ती मुलाला सांभाळायला विनापरवाना जोडपे ठेवल्यामुळे. म्हणजे ज्यांच्या हाती कायद्याची अंमलबजावणी द्यायची, त्यांच्याच घरातला पाळणा या मजुरांच्या हाती होता.

## मग मालकालाच पकडा, किंवा सगळ्यांना परत पाठवा

ॲरिझोनाने पहिला मार्ग निवडला. जानेवारी २००८ पासून तिथे प्रत्येक नव्या कामगाराची सरकारी संगणकावर पडताळणी सक्तीची झाली आणि दुसऱ्यांदा सापडलेल्या मालकाचा परवाना रद्द करण्याची तरतूद झाली. कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी नंतर मोजले तेव्हा विनापरवाना लोकसंख्या खरोखर घटलेली दिसली. पण उरलेले बरेच जण पगारी नोकरीतून सुटून ‘स्वयंरोजगारी’ बनले, म्हणजे कागदावर कोणाचेच नोकर नाहीत, असे. त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या स्थानिकांची स्थिती सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या मार्गाची चाचणी २००८ ते २०१४ या काळात झाली. स्थानिक पोलिसांनी पकडलेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे केंद्रीय यंत्रणेकडे जाऊ लागले आणि चार लाखांहून अधिक लोक परत पाठवले गेले. ही योजना जिल्ह्याजिल्ह्याने टप्प्याटप्प्यात लागू झाल्यामुळे तुलना करणे सोपे होते. क्लोई ईस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की त्या जिल्ह्यांत स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत जन्मलेल्यांचा रोजगारही घटला. बिगारी गेले तेव्हा गवंड्याचेही काम थांबले.

जून २०२५ मध्ये खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर लिहिले होते, की आपल्या कडक धोरणामुळे वर्षानुवर्षे काम करणारी चांगली माणसे निघून जात आहेत आणि त्यांची जागा भरणे जवळजवळ अशक्य आहे, असे शेतकरी आणि हॉटेलवाले सांगत आहेत. शेते आणि हॉटेले यांवरचे छापे तेव्हा थांबवले गेले आणि काही दिवसांत पुन्हा सुरू झाले.

## कागद दिले तर?

१९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जाही दिला होता. शेरी कोसूजी आणि डेबोरा कॉब-क्लार्क यांनी त्यांच्यापैकी काहींचा मागोवा घेतला, तेव्हा केवळ कागद हातात आल्याने मजुरीत सुमारे ६ टक्क्यांची वाढ झाल्याचे दिसले. माणसे तीच, हात तेच. फरक इतकाच, की आता काम सोडून दुसरीकडे जाता येत होते. विरोधक म्हणतात, की त्यातून पुढच्यांना आशा लागली, आणि नंतरच्या वीस वर्षांत संख्या १ कोटी २२ लाखांवर गेली हे नाकारता येत नाही. त्या वीस वर्षांत मालकांवरचे कलम किती सैल होते, हे वर आलेच आहे.

राहिला रीतसर हंगामी व्हिसा. ‘एच-२ए’ नावाच्या या शेतमजूर व्हिसाखाली २००५ मध्ये पन्नास हजारांहून कमी जागा मंजूर झाल्या होत्या, २०२३ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक. हा मजूर कायदेशीर असतो, पण ब्रासेरोसारखाच एका मालकाशी बांधलेला. मालक सोडला आणि हाच व्हिसा देणारा दुसरा मालक मिळाला नाही, की देश सोडावा लागतो. म्हणून त्याच्यासाठी कायद्याने एक खास किमान दर ठेवला आहे, ज्याचे नावच ‘प्रतिकूल परिणाम मजुरी दर’ असे आहे. परदेशी मजूर आणल्याने अमेरिकी शेतमजुरांच्या मजुरीवर प्रतिकूल परिणाम होऊ नये, एवढ्यासाठीच तो आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी कामगार खात्याने हा दर काढण्याची पद्धत बदलली. अकुशल मजुरांसाठी वेगळी, खालची पायरी केली आणि घराच्या खर्चापोटी दरातून कपात करण्याची मुभा दिली. विनापरवाना लोकांची आवक आटल्याने अन्नाच्या उत्पादनाला धोका निर्माण झाला आहे, असे कारण त्या आदेशातच नोंदवले आहे. विनापरवाना मजूर शेतातून गेल्यावर स्थानिकांची मजुरी वाढणार होती. त्याऐवजी कायद्याने ठरवलेला दरच खाली आला.